पावसाळ्यातला फ्लू: मुंबईच्या गोदीपासून मे महिन्यातल्या लसीपर्यंत

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या पोलिस रुग्णालयात सात शिपाई तापाने फणफणून दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. त्यांतल्या एकाची नेमणूक गोदीत होती आणि महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांची जहाजे त्या दिवसांत तिथेच लागत होती. फ्लूची साथ या जहाजांतून शहरात शिरली, असे महापालिकेचे आरोग्य अधिकारी टर्नर यांचे म्हणणे होते. जून-जुलैतली ती लाट तशी सौम्य निघाली. खरा घाला सप्टेंबरमध्ये पडला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले.

पुढे रेल्वेने ही साथ गावोगाव नेली. ‘मानमोडी’ म्हणून तिची आठवण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पुढची पिढीभर निघत राहिली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते आणि अर्धपोटी शरीरांना तापाशी झुंजायचे होते. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ७ लाख ७२ हजारांनी कमी भरली. त्यानंतर आजवर असे कधी झालेले नाही. मुंबईतले आकडे तर आजही अस्वस्थ करतात. युरोपीय लोकांत हजारी मृत्युदर ८ च्या आसपास होता आणि ज्यांना खालच्या जातीचे म्हटले जाई त्यांच्यात तो ६१ च्या वर. विषाणू सगळ्यांना सारखाच गाठत होता. अन्न, हवेशीर खोली आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणारे माणूस मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखे आलेले नव्हते.

हा रोग कशाने होतो हेच तेव्हा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. १८९२ मध्ये जर्मनीत फायफर यांनी एका जिवाणूवर बोट ठेवले होते आणि जग तेच धरून चालले होते. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये, लंडनच्या प्रयोगशाळेत. हा विषाणू सतत थोडाथोडा बदलतो, म्हणून एकदा झालेला फ्लू जन्मभराचे संरक्षण देत नाही. मधूनच तो मोठी उडी मारतो आणि मग १९५७ किंवा १९६८ सारखी जागतिक साथ येते. या बदलांवर पाळत ठेवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ मध्ये प्रयोगशाळांचे जाळे उभारले. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही.

या संस्थेचे नाव घरोघरी पोचले ते २००९ मध्ये. ३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. स्वाइन फ्लूचा तो देशातला पहिला मृत्यू होता आणि निदान उशिरा झाले होते. दुसऱ्या दिवसापासून नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. तोंडाला रुमाल, कडेवर पोर, मुठीत कापूर-वेलचीची पुरचुंडी. या पुरचुंडीने काही होत नव्हते, पण घाबरलेल्या आईबापांना दोष कसा द्यायचा? घशातला स्राव कापसाच्या काडीवर घ्यायचा, नळी बर्फात ठेवायची आणि एनआयव्हीकडे पाठवायची. अहवाल येईपर्यंत जीव टांगणीला. फ्लूवरचे औषध टॅमिफ्लू सुरुवातीला सरकारी दवाखान्यांतूनच मिळत होते. पुढच्या वर्षी जुलैमध्ये पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस आणली.

ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक साथ संपल्याचे जाहीर झाले. विषाणू मात्र गेला नाही, तो हंगामी फ्लूच्या घरात कायमचा राहायला आला. २०१५च्या मोठ्या लाटेनंतर महाराष्ट्राने गरोदर स्त्रिया, मधुमेही, उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना मोफत लस द्यायला सुरुवात केली. राज्याचे हे पाऊल मला फार मोलाचे वाटते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस अजून नसल्याने इतरांना ती पदरमोड करून घ्यावी लागते.

आपल्याकडच्या फ्लूचे एक वैशिष्ट्य लक्षात यायला मात्र फार वर्षे गेली. युरोप-अमेरिकेत फ्लू थंडीत येतो, म्हणून तिथे लस ऑक्टोबरच्या सुमारास घेतात. महाराष्ट्रात त्याचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो, जून ते ऑक्टोबर. जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी लाट येते, ती बहुधा लहान (२०१५ची त्याला अपवाद). इथे ऑक्टोबरची वाट पाहणारा अख्खा पावसाळा लसीविना काढतो. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिल-मे हीच आपली वेळ. लसीचे घटक वर्षातून दोनदा ठरतात, तेव्हा डॉक्टरांकडे त्या वेळची ताजी लस मागावी. ती दरवर्षी घ्यावी लागते.

पावसाळ्यामुळे निदानही अवघड होते. डेंगी, मलेरिया, लेप्टो आणि फ्लू एकाच आठवड्यात एकाच गल्लीत असतात. ताप आला की घरचे आधी प्लेटलेट्स मोजायला धावतात. फ्लूचा ताप अचानक चढतो, अंग ठणकते आणि सोबत कोरडा खोकला, घसादुखी असते. डेंगीत खोकला सहसा नसतो. धडधाकट माणसाला विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटॅमॉल एवढे पुरते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही आणि लहान मुलांना ॲस्पिरिन कधीच देऊ नये. गरोदर बाई, पाच वर्षांखालचे मूल, पासष्टीपुढचे माणूस, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले यांच्याबाबत मात्र थांबायचे नसते. ओसेल्टामिविर, म्हणजेच टॅमिफ्लू, पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते आणि ते सुरू करायला तपासणीच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. धाप, छातीत दुखणे, ग्लानी, थुंकीत रक्त, निळसर नखे यांतले काहीही दिसले, तर वय कितीही असो, त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे.