मॉडेल विमानाची काच नितळ राहते ती कशामुळे?

विमानाच्या मॉडेलमध्ये एखादा सांधा किंचित वर-खाली झाला तर तो खपून जातो, पण काच धुरकट झाली की पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. प्लास्टिकमधून आरपार दिसायला दोन गोष्टी लागतात: आत प्रकाश विखुरणारे कण नसावेत आणि दोन्ही पृष्ठभाग नितळ असावेत. काच बिघडते तेव्हा या दोन्हींपैकी काहीतरी हुकलेलं असतं.

किटचं राखाडी प्लास्टिक म्हणजे रबराचे सूक्ष्म कण मिसळलेलं पॉलिस्टायरीन. त्या रबरामुळे ते चिवट होतं, पण त्याच कणांवर प्रकाश विखुरतो आणि आरपार दिसत नाही. म्हणून पारदर्शक भाग रबराविना, शुद्ध पॉलिस्टायरीनचे ओतावे लागतात आणि ते फार ठिसूळ असतात. कटर भागाला चिकटवून दाबलात तर तडा थेट काचेत शिरतो. स्प्रू, म्हणजे भागाला धरून ठेवणारी प्लास्टिकची दांडी, भागापासून तीन-चार मिलिमीटर लांब तोडावा, उरलेला खुंट बारीक दातांच्या करवतीने कापावा आणि शेवटी कानस फिरवावी.

आता प्रवासी विमानाच्या खिडक्या. बोइंग ७३७ ची खिडकी साधारण २५ सेंटिमीटर रुंद आणि ३५ उंच. १:१४४ च्या, म्हणजे खऱ्याच्या १४४ पट लहान, मॉडेलवर ती जेमतेम १.७ × २.४ मिलिमीटर भरते. किटमध्ये बहुधा सगळ्या खिडक्यांची मिळून एकच जाड पट्टी असते. तिच्यातून पाहिलं की बाटलीच्या बुडातून पाहिल्यासारखं दिसतं. शिवाय ती धडाचे दोन भाग जोडण्याआधीच आत बसवावी लागते, आणि मग रंगकाम होईपर्यंत एकेक खिडकी झाकत बसावं लागतं. एवढ्या लहान खिडक्यांसाठी पट्टी सोडून द्यावी आणि पांढऱ्या पीव्हीए (पॉलिव्हिनाइल ॲसिटेट) गोंदाचा पडदा धरावा, हेच उत्तम.

या गोंदात पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. ओला असताना तो दुधी दिसतो तो त्यांच्यामुळेच. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो आणि दुधीपणा जातो. पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचं काम पृष्ठताण करतो, म्हणून पॉलिश करावं लागत नाही. लाकूडकामाचा गोंद सुकल्यावरही बऱ्याचदा थोडा दुधी राहतो. मॉडेलच्या काचांसाठी मिळणारा गोंद घ्यावा, नाहीतर आधी टाकाऊ प्लास्टिकला भोक पाडून त्यावर करून बघावं.

टूथपिकच्या टोकावर गोंदाचा थेंब घ्या. आधी खिडकीची आतली कड चौफेर ओली करा, मग टूथपिक जवळजवळ आडवी धरून एका कडेकडून दुसरीकडे सावकाश ओढा. पडदा धरला की पुन्हा हात लावू नका. गोंदातलं निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे सुकताना पडदा मध्ये खोल जातो. तो फारच खोल वाटला तर पहिला थर रात्रभर सुकू द्या आणि मग दुसरा द्या. भोक पाच-सहा मिलिमीटरहून मोठं झालं की हा मार्ग सोडावा: पडदा मध्येच पातळ होऊन फुटतो.

कामाचा क्रम मात्र पाळायलाच हवा. रंग, पाण्यावरची डिकल्स (भिजवून चिकटवायची चिन्हं आणि अक्षरं), वॉर्निश हे सगळं उरकल्यावर अगदी शेवटी खिडक्या. सुकलेला पडदा पाणी शोषतो आणि पुन्हा पांढरट होतो, म्हणून डिकल्सचं पाणीसुद्धा त्याला लागू नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळी हवेत सुकायला फार वेळ लागतो. घाईने हेअर ड्रायर लावला तर वर साय धरते आणि आत पाणी व बुडबुडे अडकतात. त्यापेक्षा सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात मॉडेल ठेवावं.

खिडकी धडाशी अगदी समतल हवी असेल तर बाहेरून टेप चिकटवून आतून यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात घट्ट होणारं) पातळ थरांत भरावं, टेप काढून घासावं, पॉलिश करावं आणि मगच रंगाकडे वळावं. दोन घटक मिसळून घट्ट होणारं एपॉक्सीही चालतं, पण काही वर्षांनी ते पिवळं पडतं.

लढाऊ विमानाच्या कॅनोपीत, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणात, खरी अडचण जाडीची असते. १:७२ च्या किटमध्ये एक मिलिमीटर जाडीची काच म्हणजे खऱ्या मापात ७२ मिलिमीटर! कॅनोपी उघडी दाखवायची असेल तर ही जाडी लपत नाही. अशा वेळी ०.२५ ते ०.४ मिलिमीटरचा पीईटीजी या पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा तापवून ठोकळ्यावर ओढावा.

ठोकळा कडक लाकडाचा किंवा एपॉक्सी पुट्टीचा करा, कॅनोपीच्या मापापेक्षा पत्र्याच्या जाडीइतका लहान. खाली तो पाच-सहा मिलिमीटर वाढवा, म्हणजे पत्र्याच्या चुण्या कापायच्या रेषेखाली राहतील. त्याच्यावरचा प्रत्येक ओरखडा काचेच्या आतल्या बाजूला उमटतो, म्हणून तो आरशासारखा होईपर्यंत घासण्यात कसूर नको. प्लायवुडमध्ये ठोकळ्यापेक्षा चौफेर दोन-तीन मिलिमीटर मोठं भोक पाडा आणि त्यावर पत्रा पिनांनी ताणून बसवा. तापवताना पत्रा आधी लहरतो, मग पुन्हा ताठ होतो आणि त्यानंतर मध्ये खाली झुकू लागतो. झुकू लागला की लगेच, एका दमात, ठोकळ्यावर दाबायचा. उशीर झाला तर त्यात बुडबुडे येतात.

पॅकिंगचं पारदर्शक प्लास्टिक वापरता येतं, पण त्यावरचा त्रिकोणातला अंक पाहून. १ म्हणजे पीईटी: ते रेंगाळत तापवलं तर त्यात स्फटिक बनून ते पांढरं पडतं. पीईटीजीच्या साखळीत दुसरा घटक मिसळून ही स्फटिक बनण्याची खोड मोडलेली असते. ३ म्हणजे पीव्हीसी: ते तापवूच नये, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघू शकते. गोळ्यांच्या पाकिटांचं प्लास्टिक बहुधा हेच असतं.

काच चिकटवताना फेव्हिक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गोंद टाळावा. त्याची वाफ जवळच्या पृष्ठभागावर बसते, ओलाव्याने घट्ट होते आणि पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. बोटांच्या खुणांवर ती जास्त धरते. गुन्ह्याच्या तपासात ठसे उठवण्यासाठी हाच गुण वापरतात. पॉलिस्टायरीनचा द्रावक गोंदही धोक्याचाच, कारण ओतताना भागात राहिलेला ताण द्रावक लागताच केसासारख्या तड्यांनी मोकळा होतो. पीव्हीए हळू धरतो, पण काच शाबूत ठेवतो.

एफ-१६ च्या कॅनोपीवर अनेक किटमध्ये मधोमध साच्याची उभी रेघ असते. पात्याने ती हलके खरवडा, मग पाण्यात १००० आणि २००० चा पॉलिश पेपर, पुढे ४००० आणि शेवटी पॉलिश पेस्ट. १००० च्या कागदावरचा कण साधारण १८ मायक्रॉनचा असतो, २००० चा १० चा, आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मायक्रॉनच्याही आत. ओरखडे तिच्याहून बारीक झाले की डोळ्याला दिसत नाहीत. कोरडं घासू नये, उष्णतेने पॉलिस्टायरीन मऊ होऊन ओरबाडतं.

उरलेले बारीक ओरखडे पारदर्शक ॲक्रिलिकचा थर भरून काढतो. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.५९, ॲक्रिलिकचा १.४९. हवेच्या सीमेवर पॉलिस्टायरीन सुमारे ५ टक्के प्रकाश परत पाठवतं. ॲक्रिलिकच्या सीमेवर जेमतेम ०.१ टक्का. त्यामुळे भरलेला ओरखडा प्रकाशाला जवळजवळ जाणवतच नाही. काच ॲक्रिलिक फ्लोअर पॉलिशमध्ये बुडवून काढा, खालच्या कडेला टिशू लावून जादा थेंब टिपा आणि वाडगं पालथं घालून दोन दिवस झाकून ठेवा. त्यातूनही धूळ बसलीच तर अमोनियाच्या काच-क्लीनरने थर पुसून निघतो, आणि काच पुन्हा बुडवता येते.