घरी बनवलेलं हत्यार आणि रोजचं बचावाचं साधन (भारतीय कायद्यातला फरक)

लोहाराकडून करून घेतलेला सुरा, गॅरेजमध्ये घासून टोक काढलेला रॉड, कुठून तरी आणलेला गावठी कट्टा एकीकडे, आणि पर्समधला मिरची स्प्रे, म्हाताऱ्या माणसाची काठी, शेतकऱ्याचा कोयता दुसरीकडे. जवळ बाळगणाऱ्याला विचारलं तर दोन्हीकडे उत्तर एकच येतं, "सेफ्टीसाठी ठेवलंय". पण भारतात सेफ्टीसाठी ठेवलंय हे उत्तर एका वस्तूच्या बाबतीत चालून जातं आणि दुसरीच्या बाबतीत त्याच उत्तरावर माणूस आत जातो. हा फरक मुख्यतः शस्त्र अधिनियम १९५९ (बोलताना सगळे आर्म्स अ‍ॅक्टच म्हणतात), शस्त्र नियम २०१६, भारतीय न्याय संहिता आणि आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ एवढ्यांतून ठरतो.

शस्त्र कशाला म्हणायचं

आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम २ मधली व्याख्या अशी आहे की हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली किंवा तसा बदल करून घेतलेली कुठलीही वस्तू म्हणजे शस्त्र. इथे दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. एक, "बचावासाठी" हा शब्द व्याख्येतच आहे, म्हणजे मी हे बचावासाठी केलंय असं सांगून तुम्ही व्याख्येच्या बाहेर पडत नाही, उलट आत येता. दुसरी, "बदल करून घेतलेली". मूळ वस्तू साधी होती हे मग फारसं कामाला येत नाही. माझ्या मते अख्खा विषय या एका शब्दावर उभा आहे, कारण दुकानातून आणलेल्या वस्तूच्या बाबतीत तुमचा हेतू काय होता हे पोलिसांना बाहेरून शोधावं लागतं, पण घरी घासून-वेल्डिंग करून बनवलेल्या वस्तूवर तो हेतू ग्राइंडरच्या खुणांसकट कोरलेलाच असतो.

त्याच व्याख्येत सूट पण आहे. फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी असलेल्या वस्तू, आणि उदाहरण म्हणून चक्क लाठी आणि चालायची साधी काठी यांचं नाव घेऊन, शस्त्रातून बाहेर काढलेल्या आहेत. म्हणून काठी चालते. पण त्याच काठीच्या पोटात पातं बसवलं की ती झाली गुप्ती, आणि गुप्ती नियमांच्या यादीत तलवारीच्या शेजारी बसलेली आहे.

नऊ इंच आणि दोन इंच

बंदुकीशिवायच्या हत्यारांची यादी शस्त्र नियमांच्या परिशिष्टात पाचव्या वर्गात आहे, तलवार, खंजीर, भाला, परशू, कृपाण, खुकरी वगैरे, आणि ज्यांचं पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे अशी पात्याची हत्यारं. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामाच्या वस्तू सोडून. त्यामुळे किचनमधला सुरा मोठा असला म्हणून कुणी घरी येऊन पकडत नाही. या यादीत स्टीलचा दंडुका पण आहे, आणि ही गंमत फार कमी लोकांना माहीत असते, कारण तो झटका दिला की लांब होणारा फोल्डिंग दंडुका ऑनलाइन सर्रास "सेल्फ डिफेन्स" नावाने विकला जातो आणि पोरं गाडीच्या सीटखाली टाकून फिरतात.

या वर्गाच्या शस्त्रांना कलम ४ लागतं, म्हणजे सरकारने ज्या भागासाठी अधिसूचना काढली आहे तिथे लायसन लागतं. म्हणून शहर बदललं की नियम बदलतो. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेमुळे बटनवाल्या चाकूची मर्यादा ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीवर येते, म्हणजे नऊ इंच वाचून निर्धास्त झालेला माणूस तिकडे खिशातल्या चाकूवर अडकू शकतो. मोडलं तर कलम २५ खाली कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ३ वर्षं. गुन्हा दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक.

पेपरमध्ये रोज वाचतो ना, "कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१), १३५ प्रमाणे गुन्हा", त्यातला दुसरा भाग जास्त पसरट आहे. कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी ठराविक दिवसांपुरता मनाई आदेश काढतात, आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी तलवार-भाल्याबरोबर चाकू, काठ्या, लाठ्या, दगड, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बंद. सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चांच्या काळात असे आदेश सारखे निघतात आणि सामान्य माणसाला पत्ता पण नसतो. आर्म्स अ‍ॅक्टने नाव घेऊन सोडलेली लाठी इथे नाव घेऊन अडवलेली आहे! कलम १३५ ची शिक्षा वर्षापर्यंत, आणि कोर्टाने कारण लिहून दिलं नाही तर किमान ४ महिने.

कोयत्याचं उदाहरण घ्या. बीडकडचा ऊसतोड कामगार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोयता घेऊन कोल्हापूरपर्यंत जातो, रस्त्यात दहा पोलीस चौक्या लागतात, कुणी विचारत नाही. आठवडी बाजारात घिसाडी लोकांच्या पालाजवळ कोयते-विळे गोणपाटावर मांडलेले असतात, बाया बोटाने धार बघून भाव करतात, नारळ सोलायचा वेगळा, ऊस तोडायचा वेगळा. तोच कोयता रात्री एक वाजता पुण्यात कुणाच्या शर्टाच्या आत पाठीला लावलेला सापडला की शेतीचं अवजार ही सूट संपली, कारण हडपसरच्या फ्लायओव्हरखाली ऊस नाही. तथाकथित कोयता गँगच्या प्रकारांनंतर २०२३ च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी विक्रेत्यांना कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघायला सांगितलं होतं, त्याचा उपयोग किती झाला हा वेगळा विषय, पण शेतकऱ्याला विळ्या-कोयत्यासाठी आधार दाखवावं लागणं हे जरा विचित्रच.

पकडल्यावर होतं ते असं: दोन पंच बोलावतात, टेपने पात्याची लांबी, रुंदी, मुठीची लांबी मोजतात, कागदावर हत्यार ठेवून पेन्सिलने बाहेरून रेष मारून त्याचा आकार काढतात, मग कापडात गुंडाळून लाखेचं सील. केस टिकते की पडते ते पुष्कळदा या कागदावरच ठरतं. माप नीट लिहिलं नाही, अधिसूचना किंवा मनाई आदेशाची प्रत जोडली नाही, पंच फितूर झाले, की आरोपी सुटतो. पण सुटेपर्यंत तारखा, वकील, आणि मधल्या काळात पासपोर्ट किंवा नोकरीची चारित्र्य पडताळणी आली तर तिथे खोळंबा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी वाढदिवसाचा केक तलवारीने कापून रील टाकणं आणि दोन दिवसांनी त्याच पोलीस ठाण्यात बसणं हे महाराष्ट्रात इतक्या वेळा झालंय की आता बातमीत सुद्धा नवल राहिलं नाही. दांडपट्टा २०२४ मध्ये राज्यशस्त्र जाहीर झाला, मर्दानी खेळांच्या आखाड्यांत तो चालतोच, पण म्हणून तो बाइकवर अडकवून फिरायची परवानगी मिळाली असं नाही.

कृपाणचं वेगळं आहे. शिखांना कृपाण धारण करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच दिलाय, आणि देशांतर्गत विमानात सुद्धा ६ इंचांपर्यंत पातं, एकूण ९ इंचांपर्यंत लांबी चालते.

कट्टा आणि बनावटीचा गुन्हा

बंदुकीच्या बाबतीत इंच-बिंच काही नाही, लायसन नाही तर गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक किंवा काडतूस जवळ सापडलं तर २ ते ५ वर्षं, आणि बनवणं, विकणं, दुरुस्त करणं यासाठी किमान ७ वर्षं ते थेट जन्मठेप. खेळण्यातलं किंवा नकली पिस्तूल खऱ्यासारखं चालेल असं करणं पण याच शिक्षेत येतं. म्हणजे नुसतं बाळगणाऱ्यापेक्षा घरी प्रयोग करणारा कायद्याच्या हिशोबाने कितीतरी मोठा गुन्हेगार, मग त्याने एकही गोळी झाडलेली नसो. "मी फक्त बनतं का ते बघत होतो" हा बचाव नाही. महाराष्ट्रात पकडले जाणारे कट्टे बरेचदा चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात असलेल्या उमर्टी भागातून आलेले असतात, आणि त्यांची खरी भीती कायद्याआधीची आहे, निकृष्ट लोखंडाची नळी वापरणाऱ्याच्याच हातात फुटू शकते.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या बंदुका आहेत, ठासणीच्या वगैरे, वानर-डुकरांसाठी. लायसनवाल्या, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात त्याची बोंब दरवेळी होते. लायसन मिळत नाही म्हणून विनालायसन गावठी बंदूक ठेवली तर मात्र डुक्कर हे कारण चालत नाही. कारण चालत नाही याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण संजय दत्तचं. बेकायदा हत्यार घरच्यांच्या संरक्षणासाठी घेतलं अशी त्याची बाजू होती, टाडाच्या (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) कटातून तो सुटला, पण आर्म्स अ‍ॅक्टखाली तो दोषी हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये कायम ठेवलंच, शिक्षा फक्त ६ वर्षांवरून ५ वर आली आणि त्याला येरवड्याच्या तुरुंगात जावं लागलं.

एक बारीक गोष्ट. बंदुकीच्या केसमध्ये वस्तू आपल्याकडे आहे हे माणसाला माहीत असणं लागतं. जुन्या बॅगेच्या कप्प्यात वडिलांच्या लायसनच्या बंदुकीचं एखादं काडतूस राहिलं आणि एअरपोर्टच्या स्कॅनरमध्ये दिसलं, अशा केसेस हायकोर्टांनी रद्द केल्यात. घरी बनवलेल्या वस्तूला ही वाट बंद, स्वतः बनवलेलं माहीत नव्हतं असं कोण म्हणणार.

मिरची स्प्रे

स्प्रेला भारतात लायसन लागत नाही, मेडिकलमध्ये, ऑनलाइन मिळतो. तरी कागदावर बघितलं तर एक खोच आहे. अग्निशस्त्राच्या व्याख्येत अपायकारक द्रव किंवा वायू सोडणाऱ्या हत्यारांचा पण उल्लेख आहे, त्यामुळे काटेकोर वाचलं तर प्रश्न उभा राहतो, पण व्यवहारात बाईच्या पर्समधल्या स्प्रेवर आर्म्स अ‍ॅक्ट लावत नाहीत. अडचण येते ती वापरावरून. २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका जागेच्या भांडणात स्प्रे मारल्याचा गुन्हा रद्द करायला कर्नाटक हायकोर्टाने नकार दिला, जीवाला तातडीचा धोका नव्हता तेव्हा हा बचाव धरता येत नाही आणि स्प्रे हे धोकादायक हत्यार ठरू शकतं, असं म्हणून. २०१४ मध्ये तर लोकसभेतच तेलंगणाच्या गोंधळात एका खासदाराने तो मारला होता. विमानात हँडबॅगेत चालत नाही, सिक्युरिटीला काढून ठेवतात.

इंग्लंडला शिकायला जाणाऱ्या मुलींच्या बॅगेत आई हौसेने तो टाकते, हे मात्र करू नये. तिथे १९६८ च्या कायद्याने पेपर स्प्रे हे बंदी असलेलं अग्निशस्त्रच आहे, आणि बचावासाठी म्हणून बाहेर घेऊन फिरलेली साधी वस्तू पण तिथे हत्यार धरली जाते.

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्ये शिवसेनेने मुंबईत बायकांना छोटे चाकू वाटले होते, पातं लहान आहे म्हणून कायद्यात बसतं असं तेव्हा सांगितलं गेलं. मापात बसत असेलही, पण वापरला तर पुढचा प्रश्न येतोच.

वापरल्यानंतर

खासगी बचावाचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, जुन्या आयपीसीत ९६ ते १०६ होतं. मृत्यू, गंभीर इजा, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला अशी वाजवी भीती असेल तर समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क जातो. पण लागेल तेवढंच, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर नाही. सुप्रीम कोर्टाने दर्शन सिंग प्रकरणात (२०१०) म्हटलंय की भेदरलेल्या माणसाने सोन्याच्या तराजूत तोलून फटका मारावा अशी अपेक्षा नाही, हा मोठा दिलासा आहे. मात्र चोर पाठ फिरवून पळायला लागल्यावर घातलेला घाव हा बचाव राहत नाही. सिद्ध करायचा भार आरोपीवर, पण तसंच घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं तरी चालतं.

इथे हाताशी आलेली वस्तू आणि तयार ठेवलेली वस्तू यांच्यात फरक पडतो. उशाजवळचा टॉर्च किंवा लाटणं उचलून मारलं तर गोष्ट आपोआप पटते. धार लावून ठेवलेला रॉड निघाला की सरकारी वकिलाचा पहिला प्रश्न तोच, हे आधीपासून का बनवून ठेवलं होतं. आणि हल्ला खरा होता म्हणून खुनातून सुटलात तरी विनापरवाना कट्ट्याचा हिशोब वेगळा चालतो. अ‍ॅसिडची बाटली हा प्रकार तर विचारात पण घेऊ नये, कलम १२४ खाली १० वर्षं ते जन्मठेप, नुसता फेकायचा प्रयत्न केला तरी ५ ते ७.

याच्याच जवळचा पण शहरी लोक विसरतात असा प्रकार म्हणजे शेताच्या कुंपणात सोडलेला घरचा करंट. डुकरासाठी तार लावतात, सकाळी त्याला माणूस चिकटलेला सापडतो. करंटला डुक्कर कोण, चोर कोण आणि शेजारच्याचं पोर कोण हे कळत नाही, त्यामुळे इथे बचावाचा हक्क सांगायला जागाच नाही, सदोष मनुष्यवधापर्यंत गुन्हे लागतात, वर वीजचोरी. बॅटरीवरचं किंवा सोलरचं झटका मशीन थांबून थांबून झटका देतं, ते चालतं.

खटला संपला की मुद्देमालाचं काय करायचं ते कोर्ट निकालपत्रातच लिहितं. बेकायदा हत्यार असेल तर अपिलाची मुदत गेल्यावर बहुतेक वेळा नष्ट करायचा आदेश असतो. तोपर्यंत ते लाखेचं सील आणि गुन्हा नंबरची चिठ्ठी लावून मुद्देमाल खोलीत पडून असतं.