बालसैनिक : मनावरील आघात

अठरा वर्षांखालील ज्या मुलामुलींना सैन्याने किंवा सशस्त्र गटाने कोणत्याही कामाला जुंपले आहे, ते बालसैनिक. हातात बंदूक असलीच पाहिजे असे नाही. २००७ च्या पॅरिस तत्त्वांनी स्वयंपाकी, हमाल, निरोपे, हेर आणि लैंगिक शोषणासाठी ठेवलेल्या मुली या सर्वांना व्याख्येत घेतले आहे.

सोलापूरकरांना हा विषय वाटतो तितका परका नाही. येथे १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि चिनी कम्युनिस्टांच्या एट्थ रूट आर्मी या सेनेतील जखमींवर उपचार करत ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. त्या सेनेत बिगूल वाजवणारी, निरोप पोचवणारी, रुग्णशुश्रूषा करणारी शेतकऱ्यांची कोवळी पोरे होती. त्यांना लाडाने ‘छोटी भुते’ म्हणत. कोटणिसांची शौर्यकथा शहराला तोंडपाठ आहे. या पोरांचे पुढे काय झाले, हे मात्र कुणी फारसे विचारत नाही.

परतलेल्या बालसैनिकाचे रात्री दचकून उठणे, फटाक्याच्या आवाजाला अंग चोरणे ही लक्षणे घरच्यांच्या ध्यानात येतात. खोलवर असते ती अपराधाची बोच. युगांडातील लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर गटाने पळवून नेलेल्या मुलांना आपल्याच माणसांवर हात उचलायला लावले. हेतू हा की परतीची वाट बंद व्हावी. असे मूल आपण बळी आहोत हे मानायलाच तयार होत नाही. शिवाय ज्याने छळले तोच म्होरक्या जेवूही घालत असे, त्यामुळे त्याची आठवण येते आणि तिचीही लाज वाटते. ज्याच्या धाकाने गाव कापत होते, त्या पोराला सुटकेनंतर लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसून बाराखडी गिरवावी लागते, हा अपमान निराळाच. मुलींचे हाल जास्त. सिएरा लिओनमध्ये निःशस्त्रीकरणाच्या वेळी मदतीसाठी शस्त्र जमा करायला सांगत. शस्त्रच नसलेल्या कित्येक मुली त्यातून वगळल्या गेल्या. पुष्कळ जणी बोभाटा नको म्हणून स्वतःहूनच पुढे आल्या नाहीत.

नेपाळमध्ये १४१ माजी बालसैनिकांची तितक्याच इतर मुलांशी तुलना करणारा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. युद्धातले भयंकर प्रसंग हिशेबात धरूनही माजी सैनिक मुलांत नैराश्य आणि आघातोत्तर ताण जास्त निघाला. सगळा दोष रणांगणाच्या माथी मारून भागत नाही, असा याचा सरळ अर्थ. सिएरा लिओनमध्ये संशोधक थेरेसा बेटनकोर्ट यांनी अनेक वर्षे माजी बालसैनिकांचा मागोवा घेतला. समाजाने सामावून घेतलेली मुले त्यांना बरी सावरलेली दिसली, टोमणे खाणारी मागे पडलेली. उत्तर युगांडातील अचोली लोकांकडे त्यासाठी रीतच आहे: परतलेला मुलगा उंबऱ्याशी ठेवलेल्या कच्च्या अंड्यावर पाय देऊन घरात येतो, शेजारी ओपोबो झाडाची फांदी आणि कणगीचे दार उघडायची काठी असते. समुपदेशनाची जागा ही रीत घेत नाही, पण सगळ्यांदेखत घरात घेतले जाणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

पंधरा वर्षांखालील मुलांची भरती हा रोम संविधीनुसार, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या करारानुसार, युद्धगुन्हा आहे. काँगोतील सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला त्यासाठी २०१२ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. डॉमिनिक ओंग्वेनचा खटला अधिक अवघड होता. तो स्वतः लहानपणी लॉर्ड्‌स रेझिस्टन्स आर्मीने पळवलेला, पुढे त्याच गटाचा सेनानी झालेला. मानसिक आजाराचा बचाव न्यायालयाने फेटाळला, मात्र २०२१ मध्ये शिक्षा ठरवताना त्याचे बालपण विचारात घेऊन जन्मठेपेऐवजी २५ वर्षे दिली.

सोलापूर जिल्ह्यात पहाटे धावण्याचा सराव करून साडेसतराव्या वर्षी अग्निवीर भरतीला उभी राहणारी मुले वयाने वरच्या व्याख्येत येत असली, तरी त्यांची भरती बेकायदा ठरत नाही. बालहक्क कराराचा सशस्त्र संघर्षाविषयीचा पूरक करार भारताने २००५ साली स्वीकारला. सरकारी सैन्यातील अठरापूर्वीच्या स्वेच्छा भरतीला त्यात अटींसह मुभा आहे, आणि अठरा पूर्ण झाल्याशिवाय जवानाला मोहिमेच्या क्षेत्रात पाठवत नाही, असे भारताने त्या वेळी लेखी कळवले आहे. बिगरसरकारी सशस्त्र गटांना मात्र अठराखालील कुणालाही घेण्यास पूर्ण मनाई आहे.