जुन्या आलिशान गाडीत आधी म्हातारं काय होतं?

दहा-पंधरा वर्षं चाललेली जॅग्वार किंवा मर्सिडीज विकायला निघाली की विकणारा बॉनेटच्या आधी दार उघडून दाखवतो. सगळं ओरिजिनल लेदर आहे, लाकूडही खरं आहे, असं सांगतो. बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो. पण आपला हात फिरतो तो लेदरवरूनही नाही आणि लाकडावरूनही नाही. दोन्हींवर प्लास्टिकचा थर असतो आणि गाडीचं वय पहिल्यांदा उघडं पाडतो तो हा थर.

खालचं कातडं मुळात फार चिवट. जनावराची त्वचा मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाची असते. त्याच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून बसलेल्या असतात. ही तिपेडी रचना १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. अभ्यासासाठी लागलेलं कोलॅजेन कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचं होतं आणि ते मिळालं जवळच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून. कच्चं, ओलं कातडं साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला हा पीळ सोडतं आणि आकसतं. कमावलं की मात्र साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं जवळपास उकळत्या पाण्याचं तापमान सोसतं. या पद्धतीचं पेटंट ऑगस्टस शुल्त्झ यांनी अमेरिकेत १८८४ साली घेतलं. मोटारींसाठी ती खूप वापरली जाते. अलीकडे क्रोमशिवाय कमावलेलं लेदरही बरंच येतं. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापला, तरी सीटचं कातडं तेवढ्याने मरत नाही.

मरतो तो वरचा रंग. गाडीच्या बहुतेक लेदरवर रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे थर फवारलेले असतात, कधी आधी पृष्ठभाग घासून त्यावर कातड्याच्या दाणेदारपणासारखी नक्षीही दाबलेली असते. हा लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड झाला, तर आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे त्या मालाला नुसतं 'लेदर' म्हणता येत नाही. इतक्या पातळ थराने दर बसण्या-उठण्याला वाकायचं, घाम आणि हाताचा तेलकटपणा झेलायचा, पँटच्या शिवणीचं घासणं सोसायचं. काही वर्षांनी तो कडक होतो आणि वाकतो तिथेच भेगाळतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडून उतरतो, म्हणून त्याच्या सीटची उजवी उंच कड सगळ्यात आधी जाते. ती बघावी आणि मग मीटरवरचा आकडा बघावा. दोन्ही जुळत नसतील तर माझा विश्वास सीटवर. भेगा पडल्या की घाम थेट तंतूंपर्यंत पोहोचतो आणि खऱ्या कातड्याची झीज त्यानंतर सुरू होते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: लेदरला 'खुराक' द्यायचा. कोल्हापुरी चपलेला तेल लावलं तर ते आत मुरतं, कारण ते कातडं झाडांच्या साली आणि हिरड्याने कमावलेलं असतं आणि वर प्लास्टिक नसतं. सीटवर ओतलेलं महागडं क्रीम लेपावरच बसून राहतं. धूळ धरतं आणि पावसाळ्यात बुरशीला खायला घालतं. चकाकणारी सीट किंवा चकाकणारं स्टिअरिंग हे निगा राखल्याचं नाही, मळ चढल्याचं लक्षण. नव्या लेदरचा पृष्ठभाग बहुधा मंदच असतो. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश यांनी जे साधतं ते क्रीमने साधत नाही.

याच कुळातला आणखी एक त्रास मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या गाडीत दिसतो. बटणं आणि दाराची हँडल चिकट होतात. त्यांवरच्या मऊसर लेपातलं काही प्रकारचं पॉलियुरेथेन ओलाव्याने हळूहळू तुटतं. ते पुसून जात नाही, लेपच काढावा लागतो.

लाकडाची गोष्ट जास्त गमतीची आहे. जुन्या इंग्लिश गाड्यांमधलं ढगाळ नक्षीचं अक्रोड बहुधा खोडावरच्या गाठीतून कापलेलं असतं. गाठीत लाकडाचे तंतू कुठेही वळलेले असतात, म्हणून ती सुंदर दिसते आणि म्हणूनच त्रासही देते. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. तंतूंच्या लांबीत फरक नगण्य पडतो, पण आडव्या दिशेने ताजं ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत ५ ते १० टक्के आकसू शकतं. गाठीत लांबी-रुंदी ठरलेली नसल्यामुळे प्रत्येक इंच वेगळ्या दिशेला ओढ घेतो. खाली अॅल्युमिनियमचा किंवा प्लायचा पाया, वर लॅकर म्हणजे जाड पारदर्शक लेप, मध्ये व्हिनियर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. तापल्यावर तिघंही वेगवेगळी प्रसरण पावतात. त्यात जुलैच्या दमट दिवशी एसी लावला की हवा झपाट्याने कोरडी होते. लाकूड हलतं, लॅकर कडक झालेलं असतं, मग ते तडकतं. तड्यांतून ओलावा शिरतो आणि लॅकर उचललं जातं, तिथे पांढुरके डाग दिसतात.

रंगाबाबत अक्रोडाची तऱ्हा उलटी. बरीच लाकडं उजेडात गडद होतात, अक्रोड फिकट पडत जातं. समोरच्या काचेत मधोमध प्लास्टिकचा पडदा असतो, तो जवळजवळ सगळी अतिनील किरणं अडवतो. दारांच्या साध्या काचा तितक्या अडवत नाहीत. म्हणून डॅशबोर्डची पट्टी ठीक आणि दारांवरची उडालेली, असं चित्र दिसू शकतं.

खरं-खोटं ओळखायला नक्षी पुरते. महाग गाड्यांत एकापाठोपाठ कापलेले दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उलगडून लावतात, डाव्या-उजव्या बाजूंची नक्षी आरशात पाहिल्यासारखी जुळते. छापील फिल्मवर तीच गाठ थोड्या अंतराने पुन्हा जशीच्या तशी येते. मात्र या जुळणीमुळेच दुरुस्ती अवघड होते. एक तुकडा बदलला की जोडीचा दुसरा परका वाटतो, आणि त्याच झाडाचं व्हिनियर आता मिळत नाही. आहे तेच सांभाळायचं तर लॅकर घासून काढून नवं चढवावं लागतं. व्हिनियर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असल्यामुळे हे काम एकदा, फार तर दोनदा करता येतं. म्हणून तड्यांपेक्षाही आधी मी हे विचारेन की या पट्ट्या पूर्वी कधी घासल्या आहेत का.