‘निग्रो’ ते ‘आफ्रो-अमेरिकन’: शिकागोतल्या एका संग्रहाची पार्श्वभूमी

व्हिव्हियन हार्श १९०९ मध्ये शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात कनिष्ठ कारकून म्हणून लागल्या आणि १९२४ मध्ये तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल झाल्या. जानेवारी १९३२ मध्ये शहरातल्या ब्राँझव्हिल या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ग्रंथालयाची नवी शाखा उघडली, तिच्या त्या प्रमुख. तिथेच कृष्णवर्णीयांच्या इतिहास-साहित्याचा संग्रह ‘स्पेशल निग्रो कलेक्शन’ उभा राहिला.

‘निग्रो’ हा शब्द आज अपमानास्पद मानला जातो, म्हणून या नावावरून गैरसमज होतो. तेव्हा ‘निग्रो’ हा सन्मानाने मागून घेतलेला शब्द होता. भांडण होते ते इंग्रजीत त्याचे पहिले अक्षर मोठे (कॅपिटल) छापण्याचे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने ही मागणी १९३० मध्ये मान्य केली. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्याने हा लढा मराठी लिप्यंतरात दिसतच नाही. १९७० मध्ये संग्रहाला हार्श यांचे नाव मिळाले, ते योग्यच झाले. पण त्याला जोडलेला ‘आफ्रो-अमेरिकन’ हा शब्द आजही कायम आहे. अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या प्रमाण विषयशीर्षकांतून (ज्या ठरावीक शब्दांखाली ग्रंथ यादीत नोंदवतात त्यांतून) मात्र ‘निग्रोज’ १९७०च्या दशकात गेले आणि त्याजागी आलेले ‘आफ्रो-अमेरिकन्स’ २००० मध्ये ‘आफ्रिकन अमेरिकन्स’ झाले. ग्रंथांच्या नोंदींची जुनी कार्डे नव्या यादीत उतरवताना शीर्षक बदलायचे राहिले, तर ग्रंथ कपाटात असूनही सापडत नाही. म्हणून शोध तिन्ही शब्दांनी घ्यावा लागतो.

स्थानिक इतिहासाची सर्वांत मोलाची भर चाळीसच्या दशकात पडली. इलिनॉयमधील कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर काही लेखक सरकारी रोजगार योजनेत काम करत होते. योजना गुंडाळली गेली, ठरलेले पुस्तक तेव्हा निघालेच नाही, आणि टिपणे व मसुद्यांचा मोठा साठा या शाखेत आला. बाकीचे कागद इतरत्र विखुरले.

त्या काळचा लाकडी लगद्याचा कागद लिग्निन (लाकडातला एक नैसर्गिक घटक) आणि आम्लामुळे तपकिरी पडतो, घडीवर तुटतो. अशा साठ्यात आधी गंजलेल्या टाचण्या-क्लिपा काढायच्या, मग मूळ क्रम न मोडता कागद आम्लमुक्त फोल्डरमध्ये ठेवायचे. वृत्तपत्रांची कात्रणे पत्रांना चिकटून ठेवली तर त्यांचे आम्ल शेजारच्या पानावर उतरते; त्यांची आम्लमुक्त कागदावर प्रत काढून मूळ कात्रण वेगळे करतात. लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा सोडवता येत नाही.

हार्श १९५८ मध्ये निवृत्त झाल्या, १९६० मध्ये वारल्या. १९७५ मध्ये संग्रह शहराच्या दक्षिणेकडील मोठ्या विभागीय ग्रंथालयात हलवला गेला आणि आजही तिथेच आहे.