ब्राउझर जास्त मेमरी खातोय म्हणजे मेमरी लीक आहे असं नाही

कोणीतरी टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट टाकतं, ब्राउझरपुढे 3 जीबी लिहिलेलं असतं आणि खाली लगेच निदान येतं, मेमरी लीक (काम संपलं तरी मेमरी मोकळी न होणं) आहे! अहो, 3 जीबी हा नुसता एका क्षणाचा आकडा झाला, त्यावरून लीक कळतच नाही.

जास्त वापर म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे. ढीगभर टॅब, एक्स्टेन्शन, व्हिडिओ. त्यात 2018 मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची त्रुटी उघड झाली आणि एका साइटचा डेटा दुसरीच्या हाती लागू नये म्हणून क्रोम वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ठेवायला लागला, त्यापायी साधारण 10 ते 13 टक्के मेमरी जास्त लागते असं गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. फायरफॉक्सनेही 2021 मध्ये तीच वाट धरली. माझ्या मते सुरक्षेसाठी एवढी मेमरी गेली तर जाऊ दे.

लीकचं तसं नाही, आणि घोळ होतो तो इथेच. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपानं ज्या भाषेवर चालतात तिच्यात, नको झालेल्या वस्तू मेमरीतून उचलायला गार्बेज कलेक्टर असतो, पण तुम्हाला काय नकोय हे त्याला कळत नाही, त्याला एवढंच कळतं की या वस्तूपर्यंत अजून कुठून पोचता येतंय का. समजा पानावर एक पॉपअप उघडला आणि बंद केला. स्क्रीनवरून गेला, पण पानाच्या विंडोला लावलेला त्याचा लिसनर (क्लिक वगैरे काही घडलं की चालणारा कोड) काढायचा राहिला, तर तो लिसनर पॉपअपला धरून बसतो आणि कलेक्टर त्याला हात लावत नाही. दहा वेळा उघडझाप केली की दहा मेलेले पॉपअप मेमरीत पडून.

आमच्या कामात एक डॅशबोर्ड दिवसभर उघडा असायचा. सकाळी 250 एमबी, दुपारी 600, संध्याकाळी दीड जीबी, आणि कोणी त्याला क्लिकसुद्धा केलेलं नसायचं. दर 5 सेकंदांनी नवा चार्ट काढला जायचा आणि जुना कोडमधल्या एका अ‍ॅरेत (यादीत) तसाच राहायचा. याला म्हणायचं लीक.

म्हणून आकडा किती ते बघू नका, कुठे चाललाय ते बघा. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो (विंडोजचा बघू नका, त्यात कुठला टॅब खातोय ते धड कळत नाही). ज्या कामाने मेमरी वाढते असा संशय आहे तेच काम दहा-वीस वेळा करा आणि त्या टॅबची मेमरी बघत राहा. ती करवतीच्या दातांसारखी वर-खाली होणारच, कलेक्टर आला की खाली, परत वर. लोक वरची टोकं बघून घाबरतात, बघायचे असतात ते खालचे तळ. तळ दर वेळी साधारण तिथेच येत असेल तर लीक नाही, मग वापर कितीही मोठा असो. तळच हळूहळू चढत असेल तर लीकचा संशय धरायचा.

आणि कृपा करून प्रत्येकाला "कॅशे क्लीअर करा" सांगणं थांबवा. तो कॅशे, म्हणजे साइटच्या साठवून ठेवलेल्या फाइली, मुख्यतः डिस्कवर असतो, तो पुसून चालू टॅबची रॅम मोकळी होत नाही, उलट पुढच्या वेळी सगळं परत डाउनलोड. मेमरी वाचवणारी एक्स्टेन्शन तर मला अजिबात पटत नाहीत, ती स्वतःच मेमरी घेतात. क्रोमचा मेमरी सेव्हर चांगला आहे, वापरा, पण तो न वापरलेले टॅब झोपवतो, समोर उघड्या टॅबमधला लीक त्याने थांबत नाही.

नुसता वापर जास्त असेल तर टॅब आणि एक्स्टेन्शन कमी करा. लीक असेल तर तो टॅब रीलोड करून तात्पुरतं भागवा आणि साइटवाल्यांना कळवा, पण कळवताना "खूप मेमरी खातंय" एवढंच लिहू नका, काय केलं, किती वेळा केलं आणि दर वेळी तळ कितीवर होता ते लिहा.