फॅनफिक्शनची समीक्षा वेगळी, फॅन स्टडीज वेगळं

फॅनफिक्शन म्हणजे आवडत्या सिनेमा-मालिका-पुस्तकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी तीच शंका काढतं. "फॅनफिक्शनवर पीएचडी? त्यात अभ्यासण्यासारखं आहे काय? कथानक उसनं, भाषा बेतास बात." लगेच दुसरं कुणी कैवार घेतं की काही फिक, म्हणजे अशा गोष्टी, खरंच फार सुंदर असतात. भांडण जोरात चालतं आणि दोघांचंही गृहीतक एकच असतं: फॅनफिक्शनचा अभ्यास म्हणजे फॅनफिक्शनची समीक्षा, फक्त माल जरा हलका.

समीक्षा कशी चालते हे मराठी वाचकाला सांगायला नको. कृती समोर घ्यायची, रचना, भाषा, आशय, परंपरा तपासायची आणि शेवटी, कबूल करा न करा, तिचं मोल ठरवायचं.

फॅन स्टडीजचा, म्हणजे चाहत्यांच्या आणि त्यांच्या गोतावळ्याच्या अभ्यासाचा, पिंडच निराळा. १९९२ मध्ये या क्षेत्राचा पाया घालणारी दोन पुस्तकं आली, हेन्री जेन्किन्सचं 'टेक्स्च्युअल पोचर्स' आणि कॅमिल बेकन-स्मिथचं 'एंटरप्रायझिंग विमेन'. बेकन-स्मिथ लोकसाहित्याच्या अभ्यासातून आलेली. 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेच्या चाहत्या बायका कशा जमतात, नवखीला कशी सामावून घेतात, कोणती गोष्ट कुणाला कधी वाचायला देतात, हे तिने त्यांच्यात वर्षानुवर्षं वावरून टिपलं.

छापील साहित्य आणि फॅनफिक्शन यांतले बाकीचे फरक किरकोळ आहेत. टोपणनावं, फुकट वाटप, तीन लाख शब्दांची लांबी, सगळं ठीक. उसन्या कथानकाचा मुद्दा तर सोडूनच द्या. "मग 'मृत्युंजय'पण फॅनफिक्शनच की!" हा विनोद ऐकून माझे कान किटलेत. 'मृत्युंजय' १९६७ चं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत 'स्पॉकनेलिया' हे 'स्टार ट्रेक'ला वाहिलेलं झीन, म्हणजे हौशी नियतकालिक, निघालं. पात्रं दोन्हीकडे आधीचीच. पण 'मृत्युंजय' प्रकाशकाने छापून अनोळखी वाचकांपुढे ठेवलं. झीन चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलं होतं, आणि ते वाचणारीच उद्या त्यात पत्र किंवा गोष्ट लिहिणार होती.

आता खरी मेख. समीक्षेचं एकक असतं कृती. फॅन स्टडीजला एकटीदुकटी कृती पुरतच नाही.

'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' (एओथ्री) या फॅनफिक्शनच्या संकेतस्थळावर कुठलीही गोष्ट उघडा. मजकुराच्या आधी पाटी असते: कोणत्या वयासाठी, कोणता इशारा, कोणतं फॅन्डम (म्हणजे कुठल्या कलाकृतीचा चाहतावर्ग), कोणती नाती. समजा, नात्याच्या जागी 'पीटर पार्कर & टोनी स्टार्क' (स्पायडर-मॅन आणि आयर्न मॅन) लिहिलंय. मधे & आहे म्हणजे नातं मैत्रीचं किंवा बापलेकाचं; तिथे / असती तर प्रेमप्रकरण. एवढ्या चिन्हावरून गोष्ट वाचायची की नाही हे ठरतं. पुढे टॅग: 'फिक्स-इट' (मूळ कथेतलं खुपलेलं वळण दुरुस्त करणारी गोष्ट), 'टोनी स्टार्क लिव्ह्ज'. २०१९ च्या 'अव्हेंजर्स: एंडगेम'मध्ये टोनी मरतो, इथे मरणार नाही. शेवट दारातच सांगून टाकलाय! समीक्षक म्हणेल, उत्कंठाच संपली. अहो, पण वाचणारीने आधीच अशा पन्नास गोष्टी वाचल्यात आणि एक्कावन्नावी ती मुद्दाम शोधून काढतेय. टोनीला या खेपेला कसं वाचवलं आणि जीव वाचल्यावर पीटरशी तो काय बोलला, एवढंच तिला हवंय. त्यातली एकच गोष्ट उचलून "पात्रांची उभारणी नाही" असा शेरा मारला तर हसं शेरा मारणाऱ्याचंच होतं. उभारणी आधीच्या पन्नासांत आणि सिनेमात झालीये.

आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांचं असंच आहे. सुटी ओवी कविता म्हणून वाचता येते आणि छानही लागते. पण हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून ओव्या गोळा करायला घेतल्या तेव्हा ओवीबरोबर बाईचं आणि गावाचं नावही नोंदलं. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्यावर जे दिसतं, ते एका ओवीत कितीही डोळे घातले तरी दिसत नाही.

म्हणूनच 'सर्वांत जास्त कुडोज (एओथ्रीवरची वाचकांची पसंतीची खूण) मिळालेली फिक' निवडून त्यावर अख्खा प्रबंध रचणाऱ्यांचा मला वैताग येतो. ती समीक्षा आहे. खुशाल करा, पण तिला फॅन स्टडीज म्हणू नका.

'फिफ्टी शेड्स'चंच घ्या. आधी ती 'ट्वायलाइट'वरची फिक होती, नेटवर हप्त्याहप्त्याने यायची आणि वाचक फुकटात अभिप्राय देऊन लिहिणारीला हुरूप द्यायचे. मग नावं बदलली आणि २०११ मध्ये पुस्तक आलं. समीक्षकाला त्यात एक सुमार कादंबरी दिसली. फॅन स्टडीजला दिसला तंटा: सगळ्यांनी मिळून वाढवलेली, भेट म्हणून दिलेली गोष्ट एकटीने विकायची का? पुस्तकाचं पान न पान वाचलंत तरी हा तंटा त्यात सापडायचा नाही.

जे लिहिलंच गेलं नाही तेही ढिगाऱ्यातच कळतं. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स' या सिनेमात फिन हा कृष्णवर्णीय नायक पडदाभर आहे. तरी चाहत्यांनी भरभरून लिहिलं ते कायलो रेन आणि हक्स या दोन गोऱ्या खलनायकांच्या जोडीवर, आणि ते दोघे तर पडद्यावर जेमतेम एकत्र येतात. एकेक गोष्ट तपासा, कुठल्याही एकीत काही खटकणार नाही. भारतीय अभ्यासक रुक्मिणी पांडे यांनी २०१८ च्या 'स्क्वी फ्रॉम द मार्जिन्स'मध्ये फॅन्डममधल्या वंशभेदाचा हाच प्रश्न धसाला लावला. त्यात चपराक खुद्द फॅन स्टडीजलाही होती, कारण हे क्षेत्र बरीच वर्षं 'आपल्या बायकांचा प्रेमळ गोतावळा' म्हणून स्वतःवरच खूश होतं.

याच फरकातून उद्धृत करण्याची रीत निघते. छापील कादंबरीतला उतारा घेताना लेखकाला फोन करायचं कारण नसतं. फिक सगळ्यांना दिसत असली तरी ती आपल्या माणसांत बोलल्यासारखी लिहिलेली असते. लिहिणारीच्या घरी, ऑफिसात कुणाला पत्ताही नसतो. 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स अँड कल्चर्स' हे २००८ पासूनचं नियतकालिक अभ्यासकांना सांगतं की उद्धृत करण्याआधी लिहिणारीची परवानगी घ्यावी. "जाहीरच तर आहे, विचारायचं कशाला?" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी तरी आधी एक निरोप धाडायला लावीन, मगच मसुदा वाचीन.